बारावा पडदा की चौदावा: छोट्या गिटारच्या मानेची पार्श्वभूमी

नागपुरात गिटार इंचांवर विकली जाते. बर्डीवरच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "38 दाखवू की 40?" हे इंच म्हणजे खुंट्यांच्या टोकापासून बुडापर्यंतची पूर्ण लांबी. वाजवणाऱ्याच्या बोटांशी आणि कानाशी ज्या दोन मापांचा खरा संबंध, ती या आकड्यात नसतातच. एक, नटपासून (खुंट्यांजवळची, तारा जिच्यावरून मानेवर येतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (खोक्यावरची, तारा अडकवायची पट्टी) मोकळी तार किती लांब आहे, म्हणजे स्केल. दुसरं, मान खोक्याला कितव्या पडद्याशी, म्हणजे मानेवरच्या कितव्या आडव्या धातूच्या पट्टीशी, मिळते. ही मापं कुणी विचारत नाही, म्हणून छोटी गिटार "लेकरांची आहे" असं सांगून बाजूला ठेवली जाते. मला हे मनापासून खटकतं. आज जिला आपण छोटी म्हणतो, तीच एके काळी मोठ्या माणसांची, मैफलीची गिटार होती.

गिटार घडवणारा सी. एफ. मार्टिन 1833 मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीहून न्यूयॉर्कला गेला आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थिरावला. त्याच्या कारखान्यात मापांना आकडे होते आणि आकडा मोठा तितकी गिटार लहान. 5 सर्वांत लहान. तिथून चढत चढत 1 आणि मग 0, त्याहून मोठ्या 00 आणि 000. खालच्या फुगवट्याशी साडेतेरा इंच रुंद असलेल्या या 0 ला 'कॉन्सर्ट' माप म्हणत. 15 इंची 000 यायला 1902 उजाडलं. या सगळ्यांची मान बाराव्या पडद्याशी खोक्याला मिळायची.

बाराव्यालाच का, हे आपल्या भाषेत सांगणं सोपं आहे. मोकळ्या तारेला षड्ज धरला तर बाराव्या पडद्यावर तार षड्ज मिळतो, कारण तार तिथे बरोबर निम्मी होते. तारा आतड्याच्या, वादन बरंचसं घरातलं आणि साथीचं. त्याच्या वर हात न्यायची गरज क्वचितच पडे.

ती गरज बॅंजोवाल्यांना पडली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बॅंजोची चलती ओसरू लागली आणि वादक गिटारकडे वळले. त्यांना लांब मानेची आणि वरच्या पडद्यांवर मोकळ्या हाताची सवय होती. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या एल-5 या कोरीव तबलीच्या (तबली म्हणजे खोक्याची वरची फळी) गिटारने 1922 मध्येच चौदा पडदे मोकळे दिले होते. पण सपाट तबलीच्या गिटारची दिशा बदलली ती 1929 मध्ये, अटलांटाचा बॅंजोवादक पेरी बेक्टेल याने मार्टिनकडे तशी मागणी केली तेव्हा. मार्टिनने 000 चे खांदे छाटून खोकं जवळपास इंचभर आखूड केलं आणि चौदाव्या पडद्याशी मान जोडली. या मॉडेलचं नाव ओएम, ऑर्केस्ट्रा मॉडेल. पुढच्या चार-पाच वर्षांत 0 आणि 00 सुद्धा चौदाव्यावर आल्या. गिब्सनच्या छोट्या गिटारी मधे काही काळ तेराव्यावर थांबल्या होत्या. बारावा तार षड्ज, तेरावा कोमल रिषभ, चौदावा शुद्ध रिषभ: एवढ्या दोन पायऱ्यांसाठी गिटारचा सगळा बांधा बदलला.

बदलला म्हणजे काय, ते टेप लावून पाहण्यासारखं आहे. 632 मिलिमीटर स्केल धरू. बाराव्या पडद्यापासून ब्रिजपर्यंत 316 मिलिमीटर उरतात, चौदाव्यापासून सुमारे 282. म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा हिशेब जुळवायचा. खांदे छाटून त्यातला बराच भाग भरून निघाला. उरलेल्यासाठी ब्रिज तबलीच्या ऐसपैस मध्यभागातून भोकाकडे सरकला. खोक्यातली हवाही कमी झाली. बारा पडदेवाल्या छोट्या गिटारचा खर्ज जास्त गोल आणि भरलेला लागतो असं वाजवणारे म्हणतात, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. शिवाय त्याच स्केलला नट अंगाच्या तेवढा जवळ येतो, पहिल्या पडद्यावर एफ कॉर्ड धरताना डावा हात कमी ताणावा लागतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या ठेंगण्या मुलामुलींना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

स्केलचं गणित तंबोऱ्यावरून समजतं. मर्दानी तंबोरा लांब, जनानी आखूड, कारण स्वर चढा. तेवढ्याच जाडीची तार त्याच स्वराला लावायची तर लांबी वाढेल तसा ताण वाढतो, आणि तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ओएमचं स्केल 25.4 इंच होतं. ते नाव जाऊन पुन्हा 000 आलं आणि 1934 च्या सुमारास स्केल 24.9 झालं. अर्धा इंच किरकोळ वाटतो, पण ताण सुमारे 4 टक्क्यांनी उतरतो आणि मींड सहज ओढली जाते. टेलर या गिटार कंपनीच्या 2010 मधल्या जीएस मिनी या छोट्या गिटारचं स्केल 23.5 इंच, तिथे घट साधारण 14 टक्के. तारा ढिल्या पडू नयेत म्हणून टेलर तिच्यावर जाड, मीडिअम तारा चढवते. दुकानातून नेल्यावर बोटं दुखतात म्हणून त्या काढून पातळ तारा लावू नका, आवाज बसतो.

आता सांधा. स्टीलच्या सहा तारा मिळून सुमारे 70 किलोने मानेला पुढे ओढतात. जुनी पद्धत डव्हटेलची: मानेच्या बुडाशी पारव्याच्या शेपटीसारखा पसरट खुंट, खोक्यात तशीच खाच आणि सरस. वर्षानुवर्षांच्या ओढीने खोकं किंचित दुमडतं, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, आणि मग मान काढून तिचा कोन पुन्हा बसवावा लागतो. चौदाव्यावर सांधा असेल तर पंधरावा पडदा उपटतात, त्या खाचेतून बारीक भोक पाडतात आणि वाफ सोडून सरस सैल करतात. टेलरने 1999 पासून नव्या रचनेची बोल्टची मान आणली. तिथे हेच काम पाना आणि पातळ पट्ट्या यांवर भागतं.

नागपूरकरांनी यात आपली हवाही धरावी. मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. आणि ज्या खोलीत कूलर, तिथे नुसती ओल. मी एका उन्हाळ्यात माझी बारा पडदेवाली गिटार कूलरच्या झोतासमोरच्या भिंतीला टांगून ठेवली होती. पंधरा दिवसांत तबली फुगली, तारा वर आल्या, मला वाटलं मान गेली. ती आतल्या खोलीत पेटीत ठेवून रोज बाराव्या पडद्यावर तारेखालची फट पट्टीने मोजत राहिले. तिसऱ्या आठवड्यात फट पूर्वीइतकी झाली. सांधा शाबूत होता, पाणी तबलीने प्यायलं होतं.