बिल आजाराच्या आधी की नंतर?

युरोपचा शेंगेन व्हिसा काढायचा तर किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही. तरीही डॅलस किंवा न्यू जर्सीत राहणारी मुलं आईबाबांच्या तिकिटाआधी विम्याच्या पॉलिसी चाळत बसतात. बाबांचं बीपी, आईची शुगर ‘आधीपासूनचे आजार’ या कलमात बसते की नाही, यावर व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास खल चालतो. अमेरिकेत आजारी पडणं महाग, हे आपल्याकडे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ते महाग का, आणि त्यातून गरिबी नेमकी कशी तयार होते, हे मात्र वाटतं तितकं सरळ नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेने आरोग्यावर माणशी १४,५७० डॉलर खर्च केले, म्हणजे जीडीपीच्या १७.६ टक्के. जर्मनी आणि फ्रान्स १२ टक्क्यांच्या आसपास आहेत. एवढं ओतून त्या वर्षी अमेरिकेतलं सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षं होतं. जर्मनीचं ८१ च्या घरात, स्पेनचं ८४ च्या. १९८० साली अमेरिका आणि जर्मनी यांच्या खर्चात, जीडीपीच्या हिशोबाने, फारसा फरक नव्हता. वाटा फुटल्या त्या नंतर.

अमेरिकन माणूस ऊठसूट डॉक्टरकडे धावतो म्हणून खर्च वाढतो, असं कुणी म्हणेल. पण प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट (मूळचे जर्मन) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आकडे मांडले तेव्हा उलटंच दिसलं. डॉक्टरांच्या भेटी आणि रुग्णालयातले मुक्कामाचे दिवस अमेरिकेत इतर श्रीमंत देशांपेक्षा कमीच होते. वेगळे होते ते दर. तेच ऑपरेशन, तीच गोळी, तोच स्कॅन, पण किंमत कितीतरी जास्त.

इन्सुलिनच घ्या. १९२१ मध्ये टोरांटोत त्याचा शोध लागला आणि संशोधकांनी पेटंट विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकलं. पुढे त्याचे सुधारित प्रकार आले. त्यातल्या ‘ह्युमालॉग’ची कुपी १९९६ मध्ये २१ डॉलरला मिळायची, २०१७ पर्यंत तिची छापील किंमत २७५ डॉलरच्या आसपास पोहोचली. २०१८ च्या आकड्यांवर झालेल्या एका तुलनेत इन्सुलिनच्या एका नगाची सरासरी किंमत अमेरिकेत ९८.७० डॉलर, तर ब्रिटनमध्ये ७.५२ डॉलर निघाली. छापील किमतीवर विमा कंपन्यांना मागाहून घसघशीत सूट मिळते, हे खरं. पण ज्याच्याकडे विमाच नाही त्याला सूट कोण देणार? ब्रिटनमध्ये जवळजवळ सगळ्या देशासाठी एकच मोठं गिऱ्हाईक भाव करतं. अमेरिकेत मात्र ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ योजनेला औषध कंपन्यांशी घासाघीस करायला २००३ च्या कायद्यानेच मनाई केली होती. ती २०२२ मध्ये, तीही थोडीशीच, उठली. २०२३ मध्ये इन्सुलिनच्या बड्या कंपन्यांनी छापील किमती ७० टक्के आणि त्याहूनही जास्त उतरवायची घोषणा केली. इतक्या उतरवता येत होत्या, तर मधली वीस वर्षं काय चाललं होतं, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

आता गंमत बघा. एकूण आरोग्यखर्चातला किती वाटा लोक थेट खिशातून भरतात, हे पाहिलं तर अमेरिकेत तो ११ टक्क्यांच्या आसपास आहे. युरोपीय संघाची सरासरी १५ टक्के, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर २० टक्क्यांच्याही वर! या आकड्यावरून अमेरिका चांगलीच दयाळू दिसते. पण सरासरीच इथे फसवते. ११ टक्के कशाचे, तर अवाढव्य रकमेचे. आणि ते सगळ्यांवर सारखे पसरलेले नाहीत. ते अचानक, एकेका घरावर कोसळतात.

ते कसे कोसळतात, हे पॉलिसीच्या कागदावर दिसतं. अमेरिकेतल्या बहुतेक विम्यांत ‘डिडक्टिबल’ असतं. वर्षाला ठरलेली रक्कम आधी तुम्ही भरायची, मग कंपनी हात घालणार. त्यानंतरही प्रत्येक बिलात तुमचा हिस्सा असतोच. कायद्याने यावर घातलेली कमाल मर्यादा २०२५ साली एका माणसासाठी ९,२०० डॉलर होती. तीही नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांपुरती, आणि हप्ता वेगळा. बहुतेक पॉलिसींत हे मीटर १ जानेवारीला शून्यावर येतं. म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाठ सापडली आणि उपचार जानेवारीत झाले, तर दोन वर्षांची डिडक्टिबल एका महिन्यात. सरकारी विमा असलेला जर्मन माणूस रुग्णालयात दिवसाला १० युरो भरतो, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. औषधं वगैरे धरून सगळं मिळून वर्षाच्या उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेलं की पुढचं माफ. दीर्घ आजार असेल तर १ टक्क्यालाच. तो जर्मन फुकट उपचार घेत नाही. त्याच्या पगारातून विम्यासाठी १४.६ टक्के आणि वर थोडे कापले जातात, त्यातले निम्मे मालक भरतो. पण हे पैसे जातात तो धडधाकट असताना, आणि पगाराच्या प्रमाणात. जर्मन चान्सलर बिस्मार्कने १८८३ मध्ये सुरू केलेल्या व्यवस्थेचा हा गाभा अजून टिकून आहे. अमेरिकेत हप्ता तर आधी जातोच, पण जड बिल येतं ते माणूस अंथरुणाला खिळल्यावर, कमाई थांबलेली असताना.

याचा गरिबीशी संबंध किती? अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा १९६० च्या दशकात सरकारी अर्थतज्ज्ञ मॉली ऑर्शान्स्की यांनी आखली ती अन्नखर्चाच्या तिप्पट या हिशोबावर. त्यात दवाखान्याचं बिल मोजलंच जात नाही. जनगणना विभाग आता एक पूरक मोजणीही करतो, ज्यात औषधोपचाराचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. त्या हिशोबाने २०१८ साली फक्त या खर्चामुळे सुमारे ८० लाख लोक रेषेखाली गेले. युरोपात मध्यम उत्पन्नाच्या (म्हणजे बरोबर मधोमध असलेल्या माणसाच्या उत्पन्नाच्या) ६० टक्क्यांची सापेक्ष रेषा वापरतात, त्यामुळे दोन्हींकडचे आकडे शेजारी ठेवून टाळ्या किंवा शिव्या देऊ नयेत. एकाच मापाने, म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याने, मोजलं तर अमेरिकेत सुमारे १८ टक्के लोक गरीब ठरतात, फ्रान्समध्ये ८ टक्क्यांच्या आसपास.

विम्याने नेमका काय फरक पडतो, हे सिद्ध करणं अवघड. विमा घेणारे आणि न घेणारे मुळात वेगळे असतात. पण २००८ मध्ये ओरेगॉन राज्याकडे गरिबांच्या ‘मेडिकेड’ योजनेत सुमारे १० हजार जागांपुरते पैसे होते आणि अर्ज आले ९० हजारांच्या घरात. राज्याने चक्क लॉटरी काढली. नावं चिठ्ठीने ठरल्यामुळे संशोधकांना आयता प्रयोग मिळाला. एमी फिंकलस्टाइन, कॅथरीन बेकर आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांनी तपासलं, तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातली साखर यांत ठोस फरक सापडला नाही. विम्याचे टीकाकार तिथेच थांबले. पण नैराश्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं होतं आणि उपचारापायी उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त खर्च होण्याचा प्रकार जवळजवळ संपला होता. विम्याचं पहिलं काम घर वाचवणं आहे, आणि ते त्याने चोख केलं.

पुढे ओबामांच्या २०१० च्या कायद्याने मेडिकेड वाढवलं, पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ राज्यांच्या मर्जीवर सोडली. टेक्साससारख्या राज्यांनी नकार दिला. परिणाम असा, की तिथे अंगाने धट्टाकट्टा पण दारिद्र्यरेषेखालचा, मुलंबाळं नसलेला माणूस मेडिकेडमध्येही बसत नाही आणि खुल्या बाजारातल्या विम्यावर त्याला सवलतही मिळत नाही. कारण कायदा लिहिताना ती सवलत रेषेच्या वरच्यांसाठीच ठेवली होती.

मग निदान मागाहून कर्ज तरी माफ करावं? तेही तपासून झालंय. एका संस्थेने ८३ हजारांवर लोकांची १६.९ कोटी डॉलरची वैद्यकीय कर्जं रुग्णालयांकडून आणि वसुली कंपन्यांकडून पडेल भावात विकत घेऊन माफ केली. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: सरासरी मानसिक स्वास्थ्यात सुधारणा नाही, आर्थिक स्थितीतही जवळपास नाही. कर्ज असं विकायला निघेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

युरोपचं कौतुक करतानाही हात आखडता घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीत २०२५ साली ७० लाखांहून जास्त नोंदी होत्या. दातांचा खर्च अनेक देशांत खिशातूनच. आणि सर्वांत बोचरा आकडा नॉर्वेचा. अमेरिकेत सर्वांत श्रीमंत १ टक्का आणि सर्वांत गरीब १ टक्का पुरुषांच्या आयुर्मानात १४.६ वर्षांचं अंतर आढळलं. सर्वांना उपचार देणाऱ्या नॉर्वेत ते १३.८ वर्षं निघालं! तंबाखू, काम, शिक्षण, एकटेपणा यांच्यावर रुग्णालयाचं दार उघडं ठेवून फार काही चालत नाही. दोन्ही देशांमधला खरा मोठा फरक दिसला तो उत्पन्नाच्या मधल्या आणि त्याच्या थोड्या खालच्या पायऱ्यांवर. तिथला नॉर्वेजियन माणूस त्याच पायरीवरच्या अमेरिकनापेक्षा जास्त जगतो.