जागेवरून न हलणारं जहाज

लांबवर एक जहाज दिसतंय. तुम्ही कायाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या चिंचोळ्या होडीत, पाण्यापासून जेमतेम दोन हात उंचीवर बसला आहात. दहा वल्ही मारून मान वळवलीत, जहाज तिथेच. आणखी वीस वल्ही, तरी तिथेच. नांगर टाकून उभं असेल, असं वाटून तुम्ही निर्धास्त होता. नेमकं हेच जहाज तुमच्या अंगावर येत असू शकतं.

यामागचं गणित साधं आहे. दोघांचा वेग आणि रोख कायम असेल आणि वाटा एकाच क्षणी एकाच बिंदूवर मिळणार असतील, तर एकाला दुसरा शेवटपर्यंत एकाच दिशेला दिसतो. कमी होतं ते फक्त अंतर. जे जहाज पुढे सरकताना दिसतं ते बहुधा तुमच्या पुढून जाईल, मागे पडताना दिसतं ते मागून. 1972च्या आंतरराष्ट्रीय सागरी टक्करप्रतिबंधक नियमांतही हीच कसोटी आहे: जवळ येणाऱ्या जहाजाची दिशा ठळकपणे बदलत नसेल, तर टक्कर होऊ शकते असंच धरून चालायचं. कायाकवर होकायंत्र नसलं तरी ही कसोटी लावता येते. कायाकचं टोक दूरच्या एखाद्या खुणेवर रोखा आणि हात लांब करून मूठ धरा; मुठीची रुंदी साधारण 10 अंश भरते. खुणेपासून जहाज तीन मुठींवर होतं आणि दोन मिनिटांनीही तीनच मुठींवर असेल, तर थांबा किंवा वळा. आणि वळायचं तर चांगलं ठसठशीत वळा, म्हणजे तुमचा बेत समोरच्यालाही कळेल.

आकारावर विसंबण्यात मात्र अर्थ नाही. 30 मीटर रुंदीचं जहाज 3 किलोमीटरवरून समोरून येताना जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढंच दिसतं. 15 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटर वेगाने त्याला तुमच्यापर्यंत पोचायला साडेसहा मिनिटं लागतात. यातली पहिली सव्वातीन मिनिटं संपतात तेव्हा ते कुठे दोन चंद्रांएवढं झालेलं असतं. निम्मा वेळ गेला आणि डोळ्याला फारसं काही घडलेलंच नाही! बाकीची सगळी वाढ उरलेल्या वेळात, त्यातही शेवटच्या मिनिटात होते.

'त्यांना आपण दिसतच असू' हा भरवसाही सोडलेला बरा. प्लास्टिकची कायाक आणि ओलं माणूस रडारवर फार क्षीण दिसतात, आणि लाटांच्या गोंधळात तेही हरवतं. शिवाय ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या उंच खोलीतून, जहाजाच्या नाकासमोरचं पाणी दिसतच नाही. हा आंधळा पट्टा जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा 500 मीटर, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा मोठा नसावा, असा नियम आहे. म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर न दिसणं नियमात बसतं. दिसलातच, तरी पुढे काय? पूर्ण वेगातल्या जहाजाने इंजिन उलटं फिरवल्यावर आपल्या लांबीच्या 15 पटींत थांबावं, ही अपेक्षा. 200 मीटरच्या जहाजासाठी ते झाले 3 किलोमीटर. मघाचा चंद्र आठवा.

हाताने वल्हवणाऱ्याला सगळ्यांनी वाट द्यायची असते, हा समज मी अनेकदा ऐकलाय. तसा सरसकट नियम नाही. उलट अरुंद मार्गात 20 मीटरपेक्षा लहान नौकांनी, त्या मार्गाबाहेर जाऊच न शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही, असं नियमच सांगतो. आपल्याला तरंगायला गुडघाभर पाणी पुरतं, त्यामुळे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या रांगेबाहेर राहणं सहज जमतं. भोंग्याचे पाच छोटे, झपाझप आवाज आले तर समजा, तुमचा बेत कळेना म्हणून जहाज विचारतंय.

जहाजांचा मार्ग ओलांडायचाच झाला तर काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात की अंतर वाढतं. 200 मीटर रुंदीला सेकंदाला दीड मीटर वेगाने सव्वादोन मिनिटं लागतात. तेवढ्यात ते जहाज 1 किलोमीटर पुढे आलेलं असतं. गट असेल तर सगळे मिळून, एका घोळक्यात; माळ लावून नाही. टग (ओढणारी छोटी, दणकट बोट) आणि त्याने ओढलेला बार्ज (मालवाहू सपाट तराफा) यांच्यामधून कधीही जाऊ नका. मधला दोर पाण्याखाली असतो, मोकळं दिसणारं पाणी मोकळं नसतं.

अरुंद कालव्यात जहाज जाताना त्याच्या बाजूने पाणी मागे धावतं आणि पातळी खाली जाते. काठाला टेकून थांबलेली कायाक चिखलावर बसते, आणि पाणी परत भरताना तीच उचलून फेकली जाते. म्हणून काठापासून थोडं अंतर ठेवा.

खोल पाण्यात जहाजामागे लाटांची पाचर उमटते. तिची प्रत्येक कड जहाजाच्या मार्गाशी साधारण साडेएकोणीस अंशांचा कोन करते, हे लॉर्ड केल्विनने 1887 साली दाखवलं. आपलं 15 नॉटचं जहाज तुमच्यापासून 200 मीटरवरून गेलं, तर त्याच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, लाट नाळ समोरून गेल्यानंतर सुमारे सव्वा मिनिटाने तुमच्यापर्यंत येते. तोवर जहाजाची शेपटीही पाऊण मिनिटापूर्वी निघून गेलेली असते, आणि वल्हं मांडीवर ठेवून कोणीतरी पाण्याची बाटली उघडत असतं. बाटली राहू दे. टोक लाटेकडे वळवा आणि वल्हं पाण्यात ठेवा.