प्रोलीग (स्टारक्राफ्ट)

प्रोलीग : दक्षिण कोरियात २००३ ते २०१६ या काळात खेळली गेलेली, स्टारक्राफ्ट या संगणकीय खेळाची व्यावसायिक सांघिक स्पर्धा. कोरियन ई-स्पोर्ट्स संघटना (केस्पा) ही तिची नियामक संस्था. याच खेळाच्या ‘स्टारलीग’ नावाच्या स्पर्धा वैयक्तिक असत. दोन्ही नावांत गल्लत होते, म्हणून हा भेद आधीच सांगितलेला बरा. या नोंदीत कोरियन व्यक्तिनामे त्यांच्या रीतीप्रमाणे आडनाव आधी घालून दिली आहेत.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कंपनीने मार्च १९९८ मध्ये स्टारक्राफ्ट आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रूड वॉर ही त्याची विस्तारित आवृत्ती बाजारात आणली. हा रिअल टाइम स्ट्रॅटेजी प्रकारचा खेळ. बुद्धिबळात खेळाडू आळीपाळीने चाली करतात, तसे इथे नसते. दोघेही एकाच वेळी खनिज गोळा करतात, इमारती उभारतात, सैन्य घडवतात आणि लढतात. टेरन, झर्ग आणि प्रोटॉस या तीन वंशांपैकी एक निवडायचा. तिघांची घडण पूर्णपणे वेगळी असूनही बळ जवळजवळ सारखे, हे या खेळाचे मोठे वैशिष्ट्य. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात ‘पीसी-बांग’ (ताशी भाड्याने संगणक मिळणारी दुकाने) झपाट्याने वाढली, वेगवान इंटरनेट घरोघर पोचले आणि हा खेळ तरुणांत रुजला. २००० मध्ये ऑनगेमनेट (ओजीएन) ही खेळांना वाहिलेली दूरचित्रवाहिनी सुरू झाली. केस्पाची स्थापनाही त्याच वर्षीची.

आरंभाविषयी मतभेद : प्रोलीगचा प्रारंभ कोणत्या स्पर्धेपासून धरावा, याबद्दल एकमत नाही. २००३ मध्ये ओजीएनने ‘केटीएफ एव्हर कप’ या नावाने सांघिक स्पर्धा भरवली. तिच्या शीर्षकात ‘प्रोलीग’ हा शब्द होता आणि विजेता ठरला तो इम यो-ह्वान या नामवंत खेळाडूचा दोंगयांग ओरायन हा संघ. २०१६ मध्ये स्पर्धा बंद करताना केस्पाने तिचे आयुष्य चौदा वर्षांचे मोजले. म्हणजे अधिकृत गणना या चषकापासूनची. मात्र २००३ मध्येच एमबीसी गेम या प्रतिस्पर्धी वाहिनीचीही ‘टीम लीग’ चालू होती. संघ बहुतांशी तेच, खेळाडूही तेच, पण नियम निराळे. २००५ मध्ये या दोन्ही स्पर्धा एकत्र आल्या आणि ‘स्काय प्रोलीग २००५’ ही अकरा संघांची संयुक्त स्पर्धा दोन्ही वाहिन्यांवरून दाखवली जाऊ लागली. ‘टीम लीग’ हे नाव तेव्हा मागे पडले.

नाव टिकले त्या धाग्याने मागे गेले तर २००३ हे साल येते. सर्व संघांची, एका नियामक संस्थेखाली चालणारी एकच राष्ट्रीय साखळी, असा अर्थ घेतला तर २००५ च्या मागे जाता येत नाही. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. २००३ चे चषक हे मुळात वाहिनीचे कार्यक्रम होते. साखळीला संस्थेचे रूप आले ते विलीनीकरणानंतर. शिवाय पहिल्या गणनेत टीम लीगचा वाटा पुसला जातो, आणि पुढे प्रोलीगने जे सर्वांत थरारक सामने दिले त्यांची रीत टीम लीगचीच होती.

सामन्याची रचना : स्टारक्राफ्टचा स्पर्धात्मक डाव एकास एक असा असतो. त्यातून सांघिक खेळ कसा उभा करायचा, हा प्रोलीगपुढचा मूळ प्रश्न. ओजीएनच्या परंपरेत दोन्ही संघ आपापली यादी सामन्याआधी जाहीर करत. कोणत्या नकाशावर कोण कोणाशी भिडणार हे त्यातून ठरे. नकाशा म्हणजे लढतीचे मैदान. दर हंगामात नवे नकाशे येत आणि नकाशागणिक एखाद्या वंशाला थोडे झुकते माप मिळे. प्रतिस्पर्धी आणि नकाशा दोन्ही ठाऊक असल्यामुळे एकाच डावासाठी दिवसचे दिवस तयारी करता येई. त्यामुळे वैयक्तिक स्पर्धांत फारसा न चमकलेला खेळाडूही ठरावीक नकाशावर, ठरावीक वंशाविरुद्ध संघाला हमखास गुण मिळवून देई. दोन्ही संघांनी जिंकलेल्या डावांची संख्या सारखी झाली तर अखेरचा ‘एस’ सामना होई. त्यासाठीचा खेळाडू आधी जाहीर करावा लागत नसे; प्रशिक्षक आपला हुकमी एक्का तिथे उतरवत. आरंभीच्या वर्षांत दोघांविरुद्ध दोघे असे जोडीचे डावही असत. ते २००८-०९ च्या हंगामापासून काढून टाकण्यात आले आणि जोडीत मुरलेल्या खेळाडूंची जागाच गेली.

टीम लीगची रीत वेगळी होती. तिथे जिंकणारा खेळाडू जागेवरच राही आणि हरलेल्या संघाने पुढचा पाठवायचा. आपल्याकडे कॅरमच्या अड्ड्यावर जिंकणारा बोर्ड सोडत नाही, तसेच हे. एकट्याने प्रतिस्पर्धी संघ गारद केला तर त्याला ‘ऑल-किल’ म्हणत. विलीनीकरणानंतर ही रीत काही वर्षे बाजूला पडली, पण २००८-०९ मध्ये ‘विनर्स लीग’ या नावाने हंगामाच्या एका फेरीत ती परत आणली गेली. त्या विनर्स लीगच्या अंतिम सामन्यात ह्वासंग ओझ हा संघ सीजे एंटसविरुद्ध ३-० असा पुढे होता. सीजेकडून शेवटी उतरलेल्या चो ब्योंग-से याने ओळीने चार डाव जिंकले. त्या काळातील सर्वश्रेष्ठ झर्ग खेळाडू मानला जाणारा ई जे-दोंग हाही त्याच्या तडाख्यातून सुटला नाही. ‘उलटा ऑल-किल’ म्हटले की कोरियन चाहते आजही हाच सामना सांगतात. आधी जाहीर केलेल्या यादीत असे घडणे शक्यच नव्हते, एवढे एक उदाहरण दोन्ही रीतींतला फरक समजायला पुरेसे आहे.

संघ व खेळाडू : संघ शहरांचे नव्हते, कंपन्यांचे होते. दूरसंचार, इलेक्ट्रॉनिक्स, अन्नपदार्थ, जहाजबांधणी, पादत्राणे अशा नाना व्यवसायांतील कंपन्यांनी ते पोसले. पहिला विजेता दोंगयांग ओरायन हा मिठाई-बिस्किटे बनवणाऱ्या कंपनीचा. तिने हात काढून घेतल्यावर संघ काही काळ प्रायोजकाविना खेळला आणि २००४ मध्ये एसके टेलिकॉम टी-१ या नावाने पुन्हा उभा राहिला. टी-१ आणि केटीएफ (पुढे केटी रोल्स्टर) या दोन दूरध्वनी कंपन्यांमधले वैर ही प्रोलीगची सर्वांत तापलेली चुरस. केटीएफने २००४-०५ मध्ये साखळीतील सलग २३ सामने जिंकले, पण विजेतेपद हुलकावणी देत राहिले. ते हाती लागले २००९-१० मध्ये, टी-१ लाच हरवून; पुढच्या हंगामातही तसेच झाले. दोन्ही वेळा केटीचा कणा होता टेरन खेळाडू ई योंग-हो.

खेळाडू संघाच्या निवासात एकत्र राहत आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करत. जाहीर सामन्यांत दिसणाऱ्या मोजक्या खेळाडूंमागे सरावासाठी झिजणारी दुसरी फळी असे. प्रोलीगच्या यशाचे श्रेय त्या मुलांना फार कमी मिळाले आहे.

सक्तीच्या लष्करी सेवेत खेळाडूंची उमेदीची वर्षे जात. यावर उपाय म्हणून वायुदलाने ‘एस’ नावाचा संघ उभारला आणि २००७ पासून तो बारावा संघ म्हणून प्रोलीगमध्ये उतरला. तो बहुधा तळाशीच राहिला. तरी होंग जिन-हो या जुन्या नामवंत खेळाडूने जून २००९ मध्ये या संघाकडून खेळताना टी-१ च्या किम थेक-योंगला हरवले, तेव्हा प्रेक्षागार अक्षरशः उसळले. प्रोलीगमध्ये तब्बल ७३५ दिवसांनी मिळालेला तो त्याचा विजय होता.

ग्वांगअल्ली : १७ जुलै २००४ रोजी बुसान शहरातील ग्वांगअल्ली समुद्रकिनाऱ्यावर अंतिम सामना झाला आणि हानबित स्टार्स संघाने टी-१ वर मात केली. या सामन्याला १ लाख प्रेक्षक होते, असे सर्वत्र सांगितले जाते. आकडा आयोजकांचा आहे. किनारा खुला, प्रवेश विनामूल्य आणि हंगाम पर्यटकांचा, हे ध्यानात घेता तो स्टेडियममधील तिकिटांच्या मोजणीसारखा धरता येणार नाही. मात्र त्याच दिवशी त्याच शहरात व्यावसायिक बेसबॉलचा ऑल-स्टार सामना होता आणि किनाऱ्यावरची गर्दी त्याहून कितीतरी मोठी होती, याबद्दल वाद नाही. पुढे २०१० पर्यंत ग्वांगअल्लीचा किनारा हेच अंतिम सामन्याचे ओळखीचे ठिकाण राहिले. २०११ चा अंतिम सामना शांघायला ठरला होता. मुइफा चक्रीवादळामुळे तो रद्द करावा लागला आणि सोलमध्ये खेळवला गेला.

वाद : २००७ मध्ये केस्पाने प्रक्षेपणाचे हक्क विकण्याचा निर्णय घेतला तेव्हा, ज्यांनी स्पर्धा जन्माला घातली त्याच वाहिन्यांशी तिचा संघर्ष झाला. पुढचा पेच अधिक खोल होता. खेळ ब्लिझार्डच्या मालकीचा, मग त्याच्या सामन्यांवर हक्क कोणाचा? मे २०१० मध्ये ब्लिझार्डने कोरियातील हक्क ग्रेटेक या कंपनीला दिले, प्रकरण न्यायालयात गेले आणि मे २०११ मध्ये समझोता झाला. चेंडूवर कोणाची मालकी नसते, संगणकीय खेळावर असते. ही अडचण प्रोलीगच्या निमित्ताने प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आली. दरम्यान २०१० मध्येच सामने निश्चितीचे प्रकरण उघड झाले आणि केस्पाने अकरा खेळाडूंना कायमचे बाद केले. यात वैयक्तिक स्पर्धांचे माजी विजेतेही होते. चाहत्यांचा विश्वास जो तडकला तो पूर्वीसारखा सांधला गेला नाही.

उत्तरकाळ व अखेर : २०११ च्या अखेरीस तीन संघ बंद पडले. त्यांतील निवडक खेळाडूंना घेऊन केस्पाने स्वतःच आठवा संघ चालवला. फेब्रुवारी २०१२ मध्ये एमबीसी गेम वाहिनी बंद होऊन तिच्या जागी संगीतवाहिनी आली. त्याच वर्षी दुसऱ्या हंगामात एका सामन्यात निम्मे डाव ब्रूड वॉरचे आणि निम्मे स्टारक्राफ्ट २ (मूळ खेळाचा पुढचा भाग) चे अशी मिश्र रचना करण्यात आली. दहा-दहा वर्षे एका खेळात हात घोटलेल्या खेळाडूंनी एकाच हंगामात दोन्ही खेळ सांभाळले. २०१२-१३ पासून केवळ स्टारक्राफ्ट २ उरला. त्या हंगामात ईजी-टीएल या परदेशी संयुक्त संघानेही भाग घेतला. विजेतेपद एसटीएक्स सोलने मिळवले. नंतर केटी (२०१४), टी-१ (२०१५) आणि जिन एअर ग्रीन विंग्ज (२०१६) हे विजेते ठरले. २०१४ च्या हंगामापासूनचे साखळी सामने सोलमधील नेक्सन अरीनात होत.

१८ ऑक्टोबर २०१६ रोजी केस्पाने स्पर्धा बंद केल्याचे जाहीर केले. घटलेले संघ व खेळाडू, प्रायोजकांची चणचण आणि २०१५ मध्ये पुन्हा उघडकीस आलेली सामने निश्चिती ही कारणे देण्यात आली. सात संघांपैकी पाच त्याच वेळी विसर्जित झाले. टी-१ चे नाव लीग ऑफ लेजंड्स या दुसऱ्या खेळात चालू राहिले. केस्पाच्या त्या आठव्या संघातूनच घडलेल्या जिन एअरने मात्र साखळी नसतानाही २०२० पर्यंत स्टारक्राफ्टचा संघ राखला.