जलपर्णी ओळखणारा अदृश्य उजेड

उन्हाळा तोंडावर आला की कल्याणजवळच्या उल्हास नदीचं जलपर्णीने हिरवंगार झालेलं चित्र मोबाइलवर फिरू लागतं. खाली ओळ असते, ‘उपग्रहातून आत्ता नदी अशी दिसतेय’. बहुतेक वेळा ते गूगल मॅपवरून उचललेलं असतं आणि काही महिने, कधी काही वर्षं जुनं असतं. त्याहून मोठा गैरसमज म्हणजे उपग्रह जलपर्णीला तिच्या हिरव्या रंगावरून ओळखतो. हिरवं तर शेवाळाचं पाणीही असतं. जलपर्णीची खरी खूण आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह (पहिला २०१५ साली गेला) प्रकाश १३ पट्ट्यांत मोजतात. त्यातले दोन पट्टे इथे महत्त्वाचे : ६६५ नॅनोमीटरचा लाल आणि ८४२ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, कारण त्याच्या ऊर्जेवर अन्न बनतं. अवरक्त त्याच्या कामाचा नाही, तो तसाच आत शिरतो. पानाच्या खालच्या थरात पेशी सैल रचलेल्या असतात आणि मधे हवेच्या पोकळ्या असतात. पाणी पारदर्शक, हवाही पारदर्शक. तरी साबणाचा फेस पांढरा दिसतो, कारण पाणी आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर उजेड वळतो आणि थोडा मागे फिरतो. पानाच्या आत हेच घडतं. ओल्या पेशीभित्तीतून हवेत, हवेतून पुन्हा पेशीत, असं असंख्य वेळा होऊन जवळजवळ निम्मा अवरक्त प्रकाश वरून बाहेर पडतो. जलपर्णीची पानं तर एकावर एक दाटलेली असतात. वरच्या पानातून खाली गेलेला उजेड खालचं पान परत वर पाठवतं.

पाण्याचं वागणं नेमकं उलटं. एक मीटर खोल स्वच्छ पाणी ८४० नॅनोमीटरचा जवळजवळ सगळा प्रकाश गिळतं. म्हणून या पट्ट्यात नदी काळीकुट्ट दिसते आणि तिच्यावरची जलपर्णी झगझगीत. अवरक्तातून लाल वजा करून आलेला फरक दोघांच्या बेरजेने भागला की एनडीव्हीआय हा वनस्पती ओळखण्याचा निर्देशांक मिळतो. समजा जलपर्णीने ४ टक्के लाल आणि ४४ टक्के अवरक्त परतवला, तर ४० भागिले ४८, म्हणजे ०.८३. पाण्याने लाल ५ आणि अवरक्त २ टक्के परतवला, तर उत्तर उणे ०.४३. पृष्ठभागावर साय धरलेलं शेवाळही शून्याच्या वरचं उत्तर देतं. तिथे १६१० नॅनोमीटरचा पट्टा उपयोगी पडतो. पाणी हा प्रकाश फारच जोरात शोषतं. शेवाळाची साय ओलीचिंब, म्हणून ती तिथे गडद. जलपर्णीची पानं पाण्याबाहेर ताठ उभी, म्हणून ती उजळ. कमळाची पानंही पाण्याबाहेर असतात, त्यामुळे एकाच चित्रावरून कमळ आणि जलपर्णी वेगळी काढणं अवघड जातं.

कोकणात अडचणी आणखी आहेत. लाल आणि ८४२च्या अवरक्त पट्ट्यांच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. देवळामागच्या लहान तळीवर माड-पोफळी वाकलेल्या असतील, तर त्या ठिपक्यात पाणी, झाड आणि काठ सगळंच मिसळतं. शिवाय जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. तेव्हा त्याच संस्थेच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार लागतं. त्याच्या साधारण साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी ढगांतून पार जातात. उपग्रह उभ्या ध्रुवणाची, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणारी, लहर सोडतो. पानं आणि देठांच्या गुंत्यात ती अनेकदा आपटते आणि तिचा काही भाग आडव्या ध्रुवणात परत येतो. वाऱ्याने खवळलेलं पाणीही रडारला उजळ दिसू शकतं, पण असं आडवं उत्तर ते फारसं देत नाही. भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, तोही रडारनेच पाहतो.

‘एआय आणि उपग्रह नदी जलपर्णीमुक्त करणार’ अशा घोषणांना मात्र भुलू नये. उपग्रह दाखवतो, उपसत नाही. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस येत राहिलं, तर जलपर्णी परत येणारच. ती पाणी शुद्ध करते हेही अर्धंच खरं आहे. वेळेवर बाहेर काढली नाही, तर कुजून शोषलेलं सगळं पाण्यालाच परत देते.

पावसाच्या लोंढ्यात पुष्कळशी जलपर्णी वाहून खाडीत जाते आणि खाऱ्या पाण्यात मरते. उरते ती बंधाऱ्यामागे, डोहाच्या कोपऱ्यात. बी तर गाळात वर्षानुवर्षं टिकतं. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते असं धरलं, तर एक गुंठ्याचा तुकडा १२ आठवड्यांत ६४ गुंठे होतो, म्हणजे दीड एकराच्या वर. म्हणून शोधायचं ते दिवाळीनंतर, आभाळ स्वच्छ असताना. त्या वेळी होडी आणि चार माणसं पुरतात. एप्रिलमध्ये यंत्रं लागतात.

सेंटिनेलची ही चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपल्या गावची नदी किंवा तलाव शोधा आणि ८-४-३ (अवरक्त, लाल, हिरवा) हे पट्टे निवडा. अवरक्त इथे लाल रंगाने दाखवतात, म्हणून वनस्पती लाल दिसेल. काठची झाडंही लाल दिसतील. मग काही दिवसांनंतरचं चित्र शेजारी ठेवा : झाडं जागच्या जागी राहतात, वाऱ्याबरोबर या काठावरून त्या काठाला सरकलेला लाल डाग बहुधा जलपर्णीचा.