दुभंगलेल्या ओठाची मोफत शस्त्रक्रिया: नाव नोंदवूनही बाळ परत का येतं?

बाहेरगावचे सर्जन रजा टाकून येतात, एक पैसा घेत नाहीत, तरी शिबिरातून काही बाळं ऑपरेशनविना घरी जातात. डॉक्टर कमी पडले म्हणून नव्हे. कागद आणि सकाळचं दूध, या दोन गोष्टींपायी.

आधी तारीख. जाहिरातीत ठळक छापलेली तारीख बहुतेक वेळा तपासणीची असते. ऑपरेशनची तारीख रक्त तपासल्यावर मिळते. बीडकडची ऊसतोडीला जाणारी मंडळी इथेच अडकतात: तपासणी दसऱ्याआधी, ऑपरेशन दिवाळीनंतर, तोवर टोळी कारखान्यावर. कधी निघणार ते तपासणीच्या टेबलावरच सांगा.

ओठासाठी बाळ साधारण ३ महिन्यांचं, वजन साडेचार किलोच्या पुढे, हिमोग्लोबिन १० हवं. टाळूचं, म्हणजे तोंडातल्या वरच्या भागाचं, ऑपरेशन ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. टाळू फाटलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही, म्हणून वजनच भरत नाही. त्याला उभं धरून वाटी-चमच्यानं पाजा. ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हे आईला ऐकवण्यात महिने घालवू नका. ग्रहणाचा काडीचा संबंध नाही.

आता कागद. शिबिराचा खर्च अनेकदा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतो. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार असतंच. २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं. अडतो तो जन्मदाखला. असतो, पण नावाचा रकाना कोरा, कारण नोंद बारशाआधीची. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव फुकट चढतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र जिथे जन्म झाला तिथेच! बाळंतपण माहेरी परभणीला, सासर गेवराईला, म्हणजे बापाची एक मजुरी बुडालीच. हे शिबिराच्या आदल्या दिवशी नाही, आजच उरका.

रेशनकार्डात बाळाचं नाव नसेल तर घाबरू नका. पालकांचं कार्ड, जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो, एवढ्यावर भागतं. ‘आधी नाव चढवून आणा’ म्हणत तान्ह्या बाळाच्या बापाला तहसीलला पिटाळलेलं मी एका खिडकीवर पाहिलंय. असं झालं तर रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर योजनेच्या १५५३८८ या नंबरवर फोन लावा.

ऑपरेशनच्या सकाळी आईचं दूध ४ तास आधी बंद, वरचं दूध ६ तास आधी. बाळ रडतं, आजीचा जीव तुटतो. एकदा नर्सनं विचारलं, आजी ठामपणे म्हणाल्या, ‘कायबी दिलं नाही.’ ओठाच्या फटीत बिस्किटाचा ओला भुगा होता. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते, म्हणून नंबर गेला. चुकून काही दिलंच तर लपवू नका. सर्दी, ताप असेल तरी तेच.

शिबिर हुकलं तरी वाट बंद होत नाही. स्माईल ट्रेन ही संस्था १९९९ पासून स्थानिक डॉक्टरांमार्फतच ही ऑपरेशन्स मोफत करवते, त्याला शिबिराचा मुहूर्त लागत नाही. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांची संदर्भ चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. चिठ्ठीची झेरॉक्स मात्र जवळ ठेवा. मूळ पहिल्याच खिडकीवर काढून घेतात.