सिंकचे भोक मोठे करणे

स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलच्या सिंकच्या तळाशी सांडपाण्यासाठी असलेले भोक, त्यात मोठ्या मापाचे वेस्ट कपलिंग (सिंकला खालच्या नळीशी जोडणारा जाळीचा भाग) बसावे म्हणून कापून रुंद करण्याचे काम. विदर्भाच्या खेड्यांत भांडी पूर्वापार परसातल्या मोरीवर, बसून आणि राखेने घासली जात. ओट्यातले सिंक पक्क्या घरांबरोबर आणि घरात आलेल्या नळाबरोबर रुळले. जुन्या किंवा स्वस्त सिंकचे भोक सुमारे 50 मि.मी.चे असते व त्यावर चपटी जाळी असते. भाताची शिते, चहापत्ती आणि अजूनही वापरात असलेली राख त्या जाळीवर बसली की पाणी तुंबते. उचलून झटकता येईल अशा वाटीच्या आकाराच्या जाळीचे कपलिंग घ्यावे, तर त्याला सुमारे 90 मि.मी.चे भोक लागते. भोक वाढले म्हणजे पाणी भराभर जाईल, ही समजूत मात्र खरी नाही. कपलिंगचा गळा आणि खालची नळी पूर्वीइतकीच अरुंद राहते, त्यामुळे मिळणारा लाभ पाण्याच्या वेगाचा नसून खरकटे अडवण्याचा असतो.

भोकाभोवतीचा पत्रा कारखान्यात दाबून किंचित खोलगट केलेला असतो आणि कपलिंगची कड त्या खोलगटात बसते. कापताना हा भाग निघून गेला, तर नव्या कपलिंगची कड तळापेक्षा वर राहते आणि तिच्याभोवती पाण्याचे कडे कायम साचते. म्हणून कपलिंग आधी विकत आणून, ते सिंकवर पालथे ठेवून माप घेणे आवश्यक ठरते. पत्रा कापता येतो, वाढवता येत नाही.

सिंकचा पत्रा साधारण 1 मि.मी. जाडीचा, पण चिवट असतो. हे पोलाद नुसते घासले गेले की कापले जाण्याऐवजी आणखी कडक होते, त्यामुळे बोथट पाते किंवा वेगाने नुसते फिरणारे ड्रिल काम बिघडवते. 90 मि.मी.च्या गोल कटरला मिनिटाला शंभरपेक्षा कमी फेरे, एकसारखा दाब आणि तेलाचे थेंब पुरतात. अडचण कटरला मध्यावर धरून ठेवणाऱ्या ड्रिलची असते, कारण भोक आधीच असल्याने त्याला टेकायला जागा नसते. तालुक्याच्या गावातला जाणता फॅब्रिकेशनवाला सिंक पोत्यावर उलटे ठेवतो, भोकाखाली सागवानी फळीचा तुकडा शिकंज्याने आवळतो, त्यावर जुन्या भोकाचा मध्य काढतो आणि मगच कटर लावतो. कटर नसेल तेथे कंपासने वर्तुळ आखून, बारीक दात्यांच्या पात्याच्या जिगसॉने रेषेच्या आतून कापतात व उरलेला भाग अर्धगोल कानशीने काढतात. हा मार्ग वेळखाऊ खरा, पण चूक झाल्यास ती लहान राहते.

खेड्यात सर्रास वापरला जातो तो ग्राइंडर. त्याने काम दहा मिनिटांत होते आणि कडेला निळसर-तपकिरी पट्टा उमटतो. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर त्या पट्ट्यात बिघडलेला असतो. शिवाय चकती आधी साध्या लोखंडावर चालवलेली असेल, तर लोखंडाचे कण पत्र्यात रुतून काही दिवसांत तांबूस ठिपके दिसू लागतात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात याला विशेष महत्त्व आहे, कारण खाऱ्या पाण्यातील क्लोराइड नेमके अशा दुबळ्या जागी पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडतात. 304 प्रतीच्या पोलादात सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते आणि ते बऱ्यापैकी टिकते. निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घातलेले 202 प्रतीचे पोलाद लवकर हार मानते. ग्राहक लोहचुंबक लावून पारख करतात, परंतु या दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही, तेव्हा त्या परीक्षेवर विसंबू नये.

कापल्यानंतर कडेवर राहिलेली धारदार कूस कानशीने व पॉलिश पेपरने साफ करतात, निळा पट्टा पूर्ण घासून काढतात आणि भुकटी धुऊन टाकतात. कपलिंगच्या कडेखाली सिलिकॉन, पत्र्याच्या खालून रबरी वायसर आणि मग नट, असा क्रम असतो. नट हातानेच आवळतात, पान्ह्याने फार पिळल्यास पातळ पत्रा वाकतो. सिलिकॉन एक दिवस सुकू दिल्यावर बूच लावून सिंक काठोकाठ भरतात, खाली कोरडा कागद अंथरतात आणि तासाभराने त्यावर ओल आली का ते पाहतात.