तीन दिवसांची टेस्ट संपलीच नाही

२४ फेब्रुवारी २०२२, मध्यरात्र उलटून तासभर झालेला, आणि युक्रेन आणि मोल्दोवा या दोन देशांनी आपली वीज रशियाच्या ग्रिडपासून, म्हणजे वीज केंद्रं आणि तारांच्या जाळ्यापासून, तोडली. युद्धाशी याचा काही संबंध नव्हता, टेस्ट होती, कधीचीच ठरलेली, तीन दिवस बाहेरच्या आधाराशिवाय आपला ग्रिड आपल्याला सांभाळता येतो का ते बघायचं आणि मग परत जोडून घ्यायचं. काही तासांतच रशियाने हल्ला केला आणि परत जोडायचा प्रश्नच मिटला.

युक्रेनबद्दल भरपूर लिहून आलंय. मोल्दोवाकडे मात्र फार कोणी बघत नाही, म्हणून हा लेख त्याच्यावर. रोमेनिया आणि युक्रेनच्या मधे दाबून बसलेला देश, लोकसंख्या जेमतेम चोवीस-पंचवीस लाख. पूर्वेला नीस्तर नदीपलीकडची ट्रान्सनिस्ट्रिया ही पट्टी १९९२ च्या लढाईपासून सरकारच्या ताब्यात नाही आणि रशियाचे सैनिक आजही तिथे आहेत. राज्यघटनेतच तटस्थ राहायचं लिहिलंय, त्यामुळे नाटोत जायचा रस्ता नाही. आणि देशातलं सगळ्यात मोठं वीज केंद्र, कुचुर्गान, नेमकं त्याच पट्टीत. ते चालायचं गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी कंपनीच्या गॅसवर आणि मोल्दोवाची बहुतेक वीज वर्षानुवर्षं तिथूनच यायची. सोव्हिएत काळात तारा टाकल्या त्यासुद्धा अशा की रोमेनियाकडून येणारी ४०० केव्हीची, म्हणजे ४ लाख व्होल्टची, लाईन दक्षिणेत वुल्कानेष्टीला येते, तिथून कुचुर्गानला जाते आणि मग पुढे राजधानी किशिनावला. म्हणजे वीज दुसऱ्याकडून घेतली तरी ती येणार त्याच दारातून!

आता ग्रिडला जोडणं म्हणजे काय ते बघू, कारण खरी गंमत इथेच आहे. एसी वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणजे तिची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. वीज केंद्रातलं दोन पोलचं मोठं जनरेटर मिनिटाला ३००० फेरे मारतं तेव्हा हा ठेका मिळतो. एका ग्रिडवरची अशी सगळी जनरेटर, मग ती हजार किलोमीटर लांब का असेनात, एकाच दांड्यावर बसवल्यासारखी एका ठेक्यात फिरतात. कुठेतरी लोड अचानक वाढला की सगळीच किंचित मंदावतात, आणि त्यांच्या फिरत्या वजनात साठलेली ऊर्जा तो धक्का सोसते. जितकं फिरतं वजन जास्त तितका धक्का कमी जाणवतो. छोट्या ग्रिडवर हे वजनच कमी, म्हणून एक मोठं केंद्र बंद पडलं तर फ्रिक्वेन्सी सेकंदांत कोसळू शकते. युरोपात ती ४९ हर्ट्झपर्यंत उतरली की ग्रिड वाचवण्यासाठी काही भागांची वीज आपोआप तोडायला सुरुवात होते.

दोन ग्रिड जोडताना दोन्हीकडचं व्होल्टेज जुळायला हवं, फ्रिक्वेन्सी जुळायला हवी आणि लाटेची शिखरंही एकाच क्षणी यायला हवीत. जनरेटर जोडताना यासाठी सिंक्रोस्कोप नावाचं घड्याळासारखं यंत्र बघतात, काटा हळूहळू फिरत बाराच्या जागी आला की ब्रेकर, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारा मोठा स्विच, जोडायचा. चुकीच्या क्षणी जोडला तर प्रचंड करंट वाहतो आणि जनरेटरचा दांडासुद्धा पिळवटून खराब होऊ शकतो.

युक्रेन आणि मोल्दोवाला युरोपच्या ग्रिडमधे घ्यायचं ठरलं होतं २०२३ साली. ते झालं १६ मार्च २०२२ ला, बॉम्ब पडत असताना. मधले वीस दिवस हे दोघं एकटेच ठेका धरून होते, आणि हे मला अजूनही थक्क करतं.

पण युरोपनेही इथे छोटी गोष्ट केली नाही. एकदा ठेका एक झाला की युक्रेनमधे पडलेल्या क्षेपणास्त्राचा धक्का फ्रिक्वेन्सीत थेट पोर्तुगालपर्यंत उमटू शकतो. पाठिंब्याचं निवेदन काढलं तर काढणाऱ्याच्या घरचा दिवा जायची भीती नसते, इथे ती होती, आणि ती माहिती असून ग्रिड कंपन्यांनी आणि सरकारांनी होकार दिला. ५ एप्रिलला जर्मनी, फ्रान्स आणि रोमेनियाने मोल्दोवासाठी बर्लिनला परिषद भरवून पैसा उभा केला, त्याचीही गरज होतीच, पण माझ्या मते सगळ्यात मोठी डिप्लोमसी त्याआधीच त्या ब्रेकरवर झाली होती.

तरी जुन्या तारा होत्या तिथेच होत्या. १५ नोव्हेंबर २०२२ ला रशियाने युक्रेनच्या ग्रिडवर मारा केला, मोल्दोवावर एकही क्षेपणास्त्र पडलं नाही, पण रोमेनियाकडून येणारी ती लाईन संरक्षण यंत्रणेने आपोआप बंद केली आणि देशाच्या मोठ्या भागात अंधार झाला. आठ दिवसांनी, २३ तारखेला, पुन्हा तेच.

वीज गेली किंवा बिल फुगलं की राग निघतो सरकारवर, आणि मोल्दोवात मतं किती काठावर असतात बघा. २० ऑक्टोबर २०२४ ला युरोपियन युनियनचं ध्येय घटनेत लिहायचं का यावर सार्वमत झालं, हो म्हणणारे ५०.३५ टक्के, फरक साडेदहा हजार मतांच्या आसपास. इतक्या मतांचं पारडं एका गारठलेल्या हिवाळ्यात सहज फिरू शकतं, म्हणून तिथे लोकशाहीबद्दल बोलताना विजेबद्दल बोलावंच लागतं.

१ जानेवारी २०२५ ला गॅझप्रॉमचा गॅस थांबला. ट्रान्सनिस्ट्रियात भर थंडीत हीटिंग गेलं, गरम पाणी गेलं, कारखाने बंद पडले, रोज तासन् तास वीज जायला लागली. नदीच्या अलीकडे, किशिनावच्या बाजूला, दिवे चालू राहिले कारण रोमेनियाकडून वीज घेता आली, पण दर चांगलेच वाढले आणि लोकांना ते जड गेलं. युरोपियन युनियनने वर्षभरासाठी २५ कोटी युरोचं पॅकेज जाहीर केलं, पण त्याही आधी तातडीने २ कोटी युरो दिले ते ट्रान्सनिस्ट्रियातल्या लोकांच्या गॅससाठी, आणि ही मदत मला फार मोलाची वाटते, कारण ती माणसंही त्याच देशाची आहेत.

वुल्कानेष्टीपासून थेट किशिनावला जाणारी ४०० केव्हीची लाईन जागतिक बँकेच्या कर्जातून उभारायला घेतली, साधारण १६० किलोमीटरची. ती कुचुर्गानला जात नाही.